दोन सेकंदांची विशू

एप्रिल लागला की आमच्या कात्रपमध्ये आधी दोऱ्या येतात, मग पताका येतात आणि सगळ्यात शेवटी आवाज येतो. बिल्डिंगच्या गेटपासून समोरच्या किराणावाल्याच्या शटरपर्यंत निळ्या पताका ताणल्या जातात, खांबाला भोंगे बांधले जातात, आणि माणसं जेवून जरा आडवी झाली की नेमकं तेव्हाच कोणीतरी माइकवर फुंकर मारतो. "हॅलो, चेक, चेक, वन टू." तीनपर्यंत मोजणारा माइकवाला मी या जन्मात पाहिला नाही.

यंदा नात मैत्रेयी जयंतीच्या कार्यक्रमात गाणार आहे. परवा फोन माझ्या कानाशी धरून म्हणाली, "आजी, ऐक. ह्यात अख्खा कोरस आहे." काचेवर बोट ठेवलं की शंभरेक माणसं एकदम 'आ' करतात. मी विचारलं, "कोण गं ही माणसं?"

"कोणी नाही. ॲपमध्ये असतात."

शंभर माणसं आ करून उभी, आणि त्यांतलं कोणी कोणाचं नाही! मी हसले. हसले, आणि नाकात तो वास आला. कुठूनही येतो, एप्रिल असला की पुरे. तापलेल्या, वितळलेल्या रबराचा वास. डांबरी रस्ता दुपारी सुटतो ना, तसा. पण त्यात थोडी साखर करपल्यासारखी.

तेव्हा आम्ही अंबरनाथला, मोरिवलीत राहायचो. कारखान्यांच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली चाळ. आमचे मिस्टर तिथल्याच एका कारखान्यात प्रेसवर होते. दिवसभर धाडधाड पत्रा कापायचे आणि संध्याकाळी त्याच हातांनी गाण्याच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. मी उल्हासनगर कॅम्प तीनमधून जीन्सच्या पँटी आणायची. लोंबते धागे कापायचे, बटणं बसवायची, एखादी शिवण उसवली असेल तर मारायची. गठ्ठा शेअर रिक्षात टाकायचा आणि त्यावर राणीसारखं बसून यायचं. 

तेव्हाची मी म्हणजे काय बाई होती! आज समोर आली तर मी तिला एक चिमटा काढीन. घरात जपून ठेवणं हे तिचं एकच शास्त्र. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, प्लास्टिक फाटू नये म्हणून त्याला कापडाची पिशवी. पाहुण्यांसाठी काचेचे सहा कप, आणि पाहुणा आला की "ते नको गं, फुटतील" म्हणून स्टीलचे पेले. शेजारणी मागे माझी नक्कल करायच्या. मला वाटायचं, कौतुक करतात.

तर अशा बाईच्या घरात मिस्टरांनी एक दिवस जपानी पेटी आणली. मी पेटी म्हटलं की ते चिडायचे. "पेटी म्हणजे हार्मोनियम. हा सॅम्पलर आहे." मुंबईच्या कुठल्याशा रेकॉर्डिंग स्टुडिओने वापरून वापरून टाकलेला. मला फ्रिज हवा होता. आला सॅम्पलर. वजनाला दोन्ही सारखेच, पण एकात पाणी गार होत नव्हतं.

त्याची गंमत अशी, की साध्या कीबोर्डात कंपनीने भरून दिलेले आवाज असतात. याच्या पोटात काहीच नसायचं. माइक लावायचा, आवाज द्यायचा. तो आवाज यंत्र गिळायचं, आणि मग कुठलीही पट्टी दाबा, तोच आवाज त्या सुरात बाहेर. मिस्टरांनी काय काय भरलं त्यात! हलगी, पत्र्याचं झाकण, शेजारची बकरी. एकदा माझी "अहो!" ही हाकसुद्धा चोरून भरली आणि पार्टीतल्या माणसांना खालच्या पट्टीत वाजवून दाखवली. म्हैस हंबरल्यासारखी वाटली. दोन दिवस मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी काहीतरी लागलं म्हणून "अहो" म्हणाले, तर अख्खी खोली हसली.

त्या हसण्यात विशूचं हसणं सगळ्यांत वर असायचं. विशाखा, आमची मुलगी, आनंदची थोरली बहीण. हा आनंद म्हणजे मैत्रेयीचा बाप. विशू पार्टीच्या कोरसमध्ये उभी राहायची. कोरस कायमचा फुटका. कोणाला पाळी, कोणाला पेपर, कोणाच्या घरी पाहुणे. एका दुपारी मिस्टरांनी तिला माइकपुढे बसवलं. "आ कर. फक्त आ. मग तुम्ही कोणी नाही आलात तरी चालेल मला." ती आ करायची आणि मध्येच हसायची. पाच वेळा झालं, सात वेळा झालं. आणि मी? मी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून ओरडत होते, "अगं, भात खाली लागतोय, ते पातेलं उतर आधी!" शेवटी तिचा एक आ नीट लागला, आणि तो संपता संपता मी रागाने पातेलं ओट्यावर आपटलं.

यंत्राची आठवण छोटी. दोनच सेकंद मावायचे. त्या दोन सेकंदांत विशूचा आ, त्याच्या टोकाला जरासा श्वास, आणि माझं पातेलं.

दोन वर्षांनी विशू काविळीने गेली. श्रावणात. याहून जास्त मी लिहिणार नाही. लिहायला बसले की अक्षर बिघडतं.

फोटो होते तिचे, पण फोटोतली माणसं गप्प असतात. मिस्टर कामावरून यायचे, हातपाय धुवायचे, आणि यंत्र चालू करून फ्लॉपी आत सरकवायचे. कारण त्या यंत्राचं असं होतं, की बटण बंद केलं की ते सगळं विसरायचं. आवाज फ्लॉपीवर उतरवून ठेवायचा आणि दर वेळी नव्याने यंत्राच्या पोटात भरायचा. त्या फ्लॉप्याही कॉम्प्युटरच्या नव्हेत, वेगळ्याच जातीच्या, बाजारातून केव्हाच उठलेल्या. कोरी मिळत नव्हती, म्हणून विशूची दुसरी प्रत नव्हती. आणि त्या यंत्राशिवाय ती फ्लॉपी वाचणारं दुसरं काही आमच्या माहितीत नव्हतं. थोडक्यात काय, मुलगी एका डबीत आणि डबी उघडायची किल्ली एकच, तीही म्हातारी.

म्हणून यंत्राची सेवा चालायची. त्याच्या पट्ट्यांखाली रबराचे ठिपके असतात, ते चिकटले की सूर मुका होतो. मिस्टर ते एकेक काढून स्पिरिटने पुसायचे. पावसाळ्यात आत चुन्याच्या पुड्या ठेवायच्या, उन्हाळ्यात वरची पेटी काढून धूळ फुंकायची. मोठं काही असलं की कॅम्प तीनमध्ये हासूदादांकडे. हासूदादा सिंधी, जाड चष्म्याचे, कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे. दुकान एवढंसं की गिऱ्हाइकाने आत पाऊल टाकलं तर हासूदादांना बाहेर यावं लागे. गोदडीत गुंडाळलेलं यंत्र आम्ही दोघं मांडीवर आडवं घेऊन रिक्षात बसायचो. रिक्षावाला विचारायचा, "पेशंट है क्या?"

मिस्टर म्हणायचे, "हा. धीरे चला."

मला तेव्हा हसू यायचं. तेव्हा यायचं.

मग आला तो एप्रिल. दोन हजार पाच-सहाचा सुमार. लाइट दिवसातून दोन-दोनदा जायची, आणि येताना अशी यायची की बल्ब आधी लाल व्हायचा, मग पिवळा. जयंतीचा हंगाम अगदी तोंडावर. मिस्टर कार्यक्रमांना नवा हलका कीबोर्ड न्यायचे; जपानी यंत्र घराबाहेर पडत नसे. एका सकाळी त्यांनी ते चालू केलं, फ्लॉपी घातली, विशू आत उतरली. पट्टी दाबली, आ आला. आणि फ्लॉपीच्या खाचेतून खर्र असा आवाज, पाठोपाठ तो वास.

हासूदादांना फोन केला. दुपारी ते आले, खाचेत बॅटरी मारून बघितली, चिमट्याने फ्लॉपी अलगद बाहेर काढली. फ्लॉपी फिरवणारा रबराचा पट्टा उन्हाने वितळून गेला होता. "डामर हो गया, साईं. पट्टा नहीं, डामर है." मग एकदम थांबून म्हणाले, "मास्टर, अभी अंदर क्या लोड है?"

"विशू."

तापल्या तव्यावरून उचलावेत तसे हासूदादांनी यंत्रावरून हात उचलले.

"तो बंद नहीं करना. चालू मशीन खोल नहीं सकता, एक पेच अंदर गिरा तो खलास. मैं पट्टा ढूंढता है. जब तक लाइट है, तब तक बेटी है. समझे? भाभी, समझी?"

भाभी समजली. भाभीला कधी काही समजायचं राहायचंच नाही ना!

त्यांनी माझ्या हातात फ्लॉपी दिली. "संभालो. स्पीकर से दूर रखना."

"दादा, हे मला सांगता?" मी म्हणाले. फ्लॉपीला स्पीकरचं चुंबक लागलं की आवाज पुसतो, हे मिस्टरांनी मला शंभरदा सांगितलं होतं आणि मी चाळीतल्या बायकांना हजारदा. त्यांच्या घरात फ्लॉपी नव्हती, स्पीकर नव्हता, पण ज्ञान द्यायला काय जातं? फ्लॉपी मी रुमालात गुंडाळली. खोलीत दोन स्पीकर होते, त्यांना वळसा घालून, भिंतीला अंग घासत, तिला स्वयंपाकघरात नेलं. आणि घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली, जिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नव्हता. माझ्या शिवणाच्या डब्यात.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा तो. आत बॉबिन, खडू, जीन्सची पितळी बटणं, सुया. आणि एक काळं गोल चकतं. पँटीत सुई राहिली आणि कोणाला टोचली तर काम बंद व्हायचं. म्हणून कॅम्पातल्या सगळ्या बायका हे चकतं बाळगायच्या. काम संपलं की जमिनीवरून, कपड्यावरून फिरवायचं, सांडलेल्या सुया त्याला येऊन चिकटतात. भंगारवाल्याकडे मिळायचं. फाटलेल्या स्पीकरच्या बुडातून काढलेलं.

वाचणाऱ्याला कळलं. त्या बाईला नाही कळलं. तिच्या डोक्यात स्पीकर म्हणजे जाळी लावलेली लाकडी पेटी, जी गाते. जे गात नाही, ज्याने मी रोज सुया उचलते, ते माझं चकतं. ते स्पीकर कसं असेल? आपल्या वस्तूवर कोण संशय घेतं!

पुढचे तीन आठवडे आमच्या खोलीत एक आजारी माणूस असल्यासारखे गेले. मिस्टरांनी पार्टीतल्या कोणाचा तरी इन्व्हर्टर आणला. लाइट गेली की तो कुरकुर करत यंत्राला वीज द्यायचा. त्यावर पंखा लावायचा नाही, बल्ब लावायचा नाही. आम्ही घामाने निथळत, मध्ये त्या यंत्राचा इवलासा हिरवा दिवा. शेजारची एक पोर मिक्सर घेऊन आली, "काकू, तुमच्याकडे लाइट आहे, चटणी फिरवू?" मी असा जीव खाऊन "नाही" ओरडले की ती मिक्सर तिथेच टाकून पळाली.

एक्स्टेंशनचा बोर्ड जुना, त्यातला पिन सैल. जरा धक्का लागला की ठिणगी. मी तो पिन जीन्सच्या काठाने बोर्डाला आवळून बांधला आणि भोवती जमिनीवर खडूने गोल आखला. आत यायचं नाही. मिस्टर दुसऱ्याच दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन आले. कोरी कॅसेट आणली होती. म्हणाले, "एकदा टेपवर घेऊन ठेवतो. असावं."

"टेप कुठे लावणार?"

"ह्याच बोर्डावर. दुसरा कुठाय?"

"हात लावायचा नाही बोर्डाला!"

"अगं, एक मिनिट लागेल."

"त्या एका मिनिटात पिन हलला म्हणजे? असली माझ्या डब्यात आहे ना? नकली कशाला पाहिजे?"

ते खडूच्या रेघेबाहेर टेपरेकॉर्डर धरून उभे राहिले. प्रेसवर टनाचा पत्रा वाकवणारा माणूस. मग वळले आणि टेपरेकॉर्डर कपाटावर ठेवून दिला. कपाटाची उंची मला आजही आठवते.

दुपारी मी एकटी असायची. आनंद कॉलेजात, मिस्टर कामावर. समोर जीन्सचा ढीग, हातात कात्री. विशू होती तोवर मी त्या पट्ट्यांना कधी बोट लावलं नव्हतं. गेल्यावर तर मुळीच नाही. त्या हंगामात मात्र लावलं. मधली पट्टी दाबली की विशू, तिच्या वयाची, जशी होती तशी. वरच्या बाजूला गेलं की ती लहान होत जायची. परकर-पोलक्यातली, मग रांगती. आणि टोकाचं पातेलं घुंगरासारखं वाजायचं. खालच्या बाजूला गेलं की ती मोठी व्हायची. आवाज जड, लांबलेला. एका पट्टीवर ती माझ्या वयाची झाली. त्याच्या खाली माझ्याहून म्हातारी. तिथला आ घोगरा यायचा, श्वास खोल, आणि शेवटी माझं पातेलं लोखंडी दार लावल्यासारखं. मी त्या म्हातारीशी बोलायची. "काय गं, गुडघे धरले का? सुना बघतात का नीट?" ती म्हणायची, आ. मी धागे कापायची. आईच्या पुढे म्हातारी झालेली लेक किती बायांनी ऐकली असेल? मी ऐकली आहे. तीन आठवडे, दुपारच्या वेळात, कारखान्याचा भोंगा होईपर्यंत.

सुखाचे दिवस म्हणू का त्यांना? लाज वाटते, पण म्हणते.

मग एका शुक्रवारी, कारखान्यांना सुट्टी असते त्या दिवशी, हासूदादा आले. कुठल्याशा मेलेल्या यंत्रातून काढलेला पट्टा कागदात गुंडाळून खिशात ठेवला होता. एवढासा, रबरी बांगडीसारखा. आले ते घाम पुसत, पण आधी मलाच विचारलं, "भाभी, टेप कर लिया ना?"

मिस्टर माझ्याकडे बघत होते.

"कशाला? फ्लॉपी आहे माझ्याकडे."

"बराबर है ना फ्लॉपी?"

"दादा, त्या डब्यात मुंगी शिरत नाही."

हासूदादांनी मिस्टरांकडे पाहिलं. मिस्टर यंत्रासमोर बसले. मधली पट्टी दाबली, एकदाच. आ, श्वास, पातेलं. मग बंद करायचं बटण मागच्या बाजूला होतं, तिथपर्यंत त्यांचा हात गेला आणि परत आला. पुन्हा गेला आणि परत आला.

"सरका," मी म्हणाले. "तुम्ही पुरुष म्हणजे ना!" आणि मी बंद केलं.

हिरवा दिवा गेला. मला आपण शूर आहोत असं वाटलं. खरंच वाटलं.

पुढचे दोन तास हासूदादांनी त्या ड्राइव्हमधलं डांबर कानकोरणीच्या कापसाने पुसून काढलं. मिस्टर बॅटरी धरून बसले होते, पेच एका ताटलीत क्रमाने लावत होते. नवा पट्टा बसला, ड्राइव्ह गरकन फिरला. हासूदादा इतके खूश झाले की म्हणाले, "वाह साईं! ये मशीन हम दोनों को पहुँचाके जाएगी." मिस्टर हात धुवायला बाहेर नळावर गेले. डांबर सुटत नव्हतं, रॉकेल घेऊन गेले.

मी डबा आणला. मिरवत आणला. हासूदादांसमोर ठेवून झाकण उघडलं. रुमाल होता तसाच होता. आणि रुमालाच्या पलीकडे चकतं, त्याला चिकटून उभ्या राहिलेल्या माझ्या सुया. साळिंदरासारख्या.

हासूदादांनी चष्मा वर केला. सुयांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीही सुयांकडे बघितलं, तेव्हा मला कळलं. कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी एकेक सुई काढून माझ्या ओंजळीत ठेवली आणि चकतं आपल्या पिशवीत टाकलं.

"ये मैं ले जाता है, भाभी. मेरे काम का है."

मिस्टर आले. फ्लॉपी घातली. ड्राइव्ह फिरला, थांबला. यंत्राच्या इवल्या पडद्यावर चूक दाखवणारी अक्षरं आली. पुन्हा घातली. पुन्हा. सातव्या-आठव्या वेळी हासूदादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फंगस है, मास्टर. अपनी हवा ही ऐसी है. फंगस लग गया."

मिस्टरांनी फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आत बघितलं. "बुरशी? कुठे? दिसत नाही."

"बारीक होता है."

"निघते ना पण बुरशी?"

हासूदादांनी माझ्याकडे बघितलं. मी सुया मुठीत आवळल्या होत्या. "कभी कभी निकल जाता है," ते म्हणाले.

त्या भल्या माणसाने मला वाचवलं असं मला किती वर्षं वाटत होतं. खोटं तर ते बोलले होते, मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हे जपून ठेवण्याच्याच जातीचं काम. मला ते जमायचं. चूक तर अडाणीपणाची होती, तिला मी आज हसूसुद्धा शकते. साळिंदर! पण त्यानंतर जे केलं ते अडाणीपणाने नाही केलं. कारण चुंबकाने पुसलेल्याला औषध नसतं. बुरशीला असतं.

मिस्टरांनी औषध सुरू केलं. दर शुक्रवारी, जेवण झालं की खिडकीपाशी पाट घेऊन बसायचे. स्पिरिटची बाटली, कापूस, जुना टूथब्रश. फ्लॉपीची झडप सरकवायची, आतली तपकिरी तबकडी बोटभर दिसते, तेवढी पुसायची, फिरवायची, पुन्हा तेवढी पुसायची. वाळू द्यायची. मग यंत्रात घालायची. अक्षरं यायची. "पुढच्या वेळी," म्हणायचे आणि नीट खोक्यात ठेवायचे. मला विचारायचे, "मागच्यापेक्षा जरा जास्त फिरली ना आज?" मी म्हणायची, "हो."

एकदा मलाच माइकपुढे बसवलं. "तुझा गळा तिचाच आहे. आ कर." माझा आ वरच्या पट्ट्यांवर नेऊन बघत बसले, माझ्यात ती कुठे लागते का म्हणून. वर गेलं की उंदराची पिल्लं ओरडल्यासारखं व्हायचं. तासाभराने त्यांनीच बंद केलं. मी म्हणाले, "म्हैस बरी होती." हसले नाहीत.

यंत्र मात्र उत्तम चालायचं. हासूदादांचं काम पक्कं. त्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही, मलाही पुन्हा कधी बोलून दाखवली नाही. फक्त पुढे कधी दुकानात गेले तर चहा मागवायचे आणि माझ्याकडे न बघता द्यायचे. ते यंत्र आज कात्रपच्या घरात माळ्यावर आहे. अजून मी दर एप्रिलला उतरवते, पट्ट्यांखालचं रबर पुसते, बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या आत ठेवते. आनंद म्हणतो, "आई, आता काय आहे त्यात?" मी म्हणते, "तुझी बहीण." त्याच्या बायकोला आणि मैत्रेयीलाही मी हेच सांगितलं आहे. परवा ती पोर म्हणाली, "आजी, आत्याचा आवाज काढ ना, मी कार्यक्रमात घेते." म्हणून हे लिहायला बसले. तोंडाने सांगता येत नाही. तोंडाने मी एकदाच सांगितलं आहे.

ते असं. मिस्टर रिटायर झाले त्यानंतरचा एप्रिल. पुढच्या दिवाळीपर्यंत ते राहिले नाहीत, पण तेव्हा ते काही आम्हाला माहीत नव्हतं. अर्धे कान प्रेसने खाल्लेले, उरलेले भोंग्यांनी. शुक्रवारची दुपार. खोलीत तो जुना पंखा, ज्याचं एक पातं वाकडं; फिरताना खटखट खटखट. ते खिडकीपाशी पाटावर, मी मेथी घेऊन खाली. त्यांनी बाटली हलवून बघितली. तळाला थोडंसं स्पिरिट होतं. म्हणाले, "उद्या आणखी आणायला पाहिजे." तो 'उद्या' ऐकून मी हातातली मेथी खाली ठेवली.

मी म्हणाले, "अहो. बुरशी नाही ती. माझ्या डब्यात सुया उचलायचं चुंबक होतं. त्याने पुसली. माझ्यामुळे गेली ती."

हळू म्हणाले. पण म्हणाले. पूर्ण म्हणाले.

त्यांचा हात थांबला. मान वर केली नाही. मग म्हणाले, "पंखा बंद कर. कापूस उडतोय."

मी उठले आणि पंखा बंद केला. पातं खटखट करत सावकाश थांबलं. खोली इतकी शांत झाली की कापूस त्या तबकडीवरून फिरायचा तोही आवाज यायला लागला. आता कुजबुजले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं. ते कापूस हातात धरून तसेच बसले होते, स्पिरिट वाळायची वाट बघत, किंवा मी पुन्हा बोलायची.

मी खाली बसले आणि मेथी निवडायला घेतली.